वाहकाला तिकीट नसतं

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिला देवाने पायाला भिंगरी बांधूनच पाठवलीय. वर्गातसुद्धा मी फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझारा घालत शिकवते आणि मुलांच्या माना दुखायला लागतात. पण यंदा नारळी पौर्णिमेनंतर, मुलाची नोकरीची मेडिकल तपासणी तोंडावर आली असताना, जी तगमग झाली तिच्यापुढे आधीची सगळी धावपळ म्हणजे विश्रांतीच म्हणायची.

सुरुवात फार साधी झाली. वसईतल्या एका मराठी शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. घटक चाचणीआधी आनुवंशिकतेची उजळणी घ्यायची होती, म्हणून संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून चित्रं गोळा करत बसले होते. त्यात रंगांधळेपणा ओळखायच्या चकत्या होत्या. रंगीत ठिपक्यांनी भरलेलं वर्तुळ आणि त्या ठिपक्यांतच लपलेला एक आकडा. तांबडा आणि हिरवा ज्याला नीट वेगळे दिसतात, त्याला आकडा पटकन दिसतो. मुलगा फ्रिजमधून पाण्याची बाटली काढून मागून चालला होता. मी म्हटलं, "हा आकडा मागच्या बाकावरून दिसेल का रे एवढा?"

"कुठला आकडा?"

"अरे, हा काय समोर! एवढा मोठा."

तो वाकला. बाटलीचं पाणी माझ्या खांद्यावर ठिबकलं. "आई, ठिपके आहेत नुसते."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी पुढची चकती लावली, मग तिच्या पुढची. पहिली चकती सगळ्यांनाच दिसते, ती त्यालाही दिसली. बाकीच्यांत ठिपके. आधी तो हसत होता. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसणं थांबलं, आणि दोघांनाही एकाच वेळी मेडिकल आठवली.

त्याला शिपवर जायचं होतं. हे खूळ लहानपणापासूनचं. सुट्टीत अर्नाळ्याला आजोळी गेला की किनाऱ्यावर बसून लांबवरची जहाजं बघायचा आणि मला विचारायचा, ती कुठे चाललीत. बारावी झाली, एका कंपनीची परीक्षा पास झाला, मुलाखत झाली. राहिली होती ती फक्त मेडिकल. डेकवर उभं राहून दुसऱ्या जहाजाचे तांबडे-हिरवे दिवे ओळखायचे असतात, त्यामुळे तिथे रंगांची तपासणी कडक असते. हे त्यानेच मला महिनाभर आधी मोठ्या रुबाबात समजावून सांगितलं होतं.

त्यानंतर मी त्याच्यामागे हात धुऊन लागले. हा टोमॅटो पिकलाय का? या ओढणीचा रंग कोणता? कोथिंबिरीच्या जुडीत सुकलेली पानं दाखव. "आई, पुरे," तो म्हणाला. मोबाइलचा पॉवर बँक चार्ज झाला का, हे तो नेहमी मलाच विचारायचा. त्यावर तांबडा दिवा असला तर नाही, हिरवा असला तर झाला. मी म्हणायची, आळशी मेला, स्वतः बघायला काय होतं. त्या रात्री त्याने न विचारताच मी दिवा बघून सांगितलं.

सासूबाईंना कळायला वेळ लागला नाही. "आमच्या घराण्यात असलं कोणाला नाही हो," त्या म्हणाल्या. या वाक्यावर मी आजवर काय काय ऐकवलेलं आहे! शेजारच्या सुनेला दुसरी मुलगी झाली तेव्हा जिन्यात उभं राहून सगळ्या बिल्डिंगला मी एक्स आणि वाय गुणसूत्रं समजावून सांगितली होती. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, बाईला बोल लावू नका, असं ठणकावलं होतं. आणि आता शास्त्र सासूबाईंच्या बाजूने उभं राहिलं. मुलाला वाय बापाकडून येतो, एक्स आईकडून. रंगांचा हा दोष एक्सवर बसलेला. माझ्याकडे दुसरा एक्स चांगला आहे, तो पहिल्याची उणीव भरून काढतो, म्हणून मला सगळं दिसतं. मुलाकडे दुसरा एक्स नाहीच. "हो, माझ्याकडूनच आलंय," मी म्हटलं. भांडायच्या तयारीत असलेल्या सासूबाई एकदम गोंधळल्या आणि चहा टाकायला उठल्या.

नवरा म्हणाला, "चष्म्याबिष्म्याने होत असेल ना काहीतरी?" मी नाही म्हटलं. मग तो बंद टीव्हीचा रिमोट शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी नेमकं तेच शिकवायचं होतं. दरवर्षी या धड्याला मी एक विनोद करते. फळ्यावर पुरुषासाठी चौकोन आणि बाईसाठी वर्तुळ काढते. ज्याच्यात दोष दिसतो तो चौकोन पूर्ण रंगवायचा. जिच्या अंगात दोष आहे पण दिसत नाही, तिचं वर्तुळ अर्धं रंगवायचं. तिला म्हणतात वाहक. इथे कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, वाहक म्हणजे कंडक्टर ना?" मी म्हणते, "हो, आणि मी वाहकाचीच मुलगी आहे. माझे वडील अर्नाळा डेपोत एसटीवर वाहक होते. आता सांगा, वाहकाला तिकीट लागतं का?" मुलं ओरडतात, "नाही!" "मग लक्षात ठेवा. वाहकाला तिकीट नसतं. ती दोष घेऊन आयुष्यभर फिरते, तिला काही त्रास नाही. भाडं भरतो तिचा मुलगा." मुलांना हे पक्कं लक्षात राहतं. इतकं की दर परीक्षेत एखादा पठ्ठ्या 'वाहक म्हणजे जिला तिकीट नसते ती' असं उत्तर लिहितो, आणि मला अर्धा गुण द्यावा लागतो.

यंदा 'भाडं भरतो' इथपर्यंत आले आणि जीभ अडखळली. मुलं वाट बघत होती. मी फळा पुसायचं सोंग केलं.

तेवढ्यात चिंचोटीहून येणारी एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, पण त्या आईला कुठून मिळालं?"

"तिच्या आईकडून, नाहीतर वडिलांकडून," मी पाठ असलेलं बोलत गेले. "आईकडून आलं असेल तर आईसुद्धा वाहक. आणि वडिलांकडून आलं असेल तर वडील स्वतःच रंगांधळे असणार. कारण पुरुषाकडे एक्स एकच. तो दोषाचा असला तर झाकायला दुसरा नाही. आणि तो एकच असल्यामुळे त्याच्या प्रत्येक मुलीला तोच मिळणार." बोलता बोलता मी अर्ध्या रंगवलेल्या वर्तुळाच्या वर एक चौकोन काढला आणि तो भरायला खडू टेकवला. हात तिथेच थांबला. वाहकाची मुलगी, मी दरवर्षी म्हणत होते. वडील चालक का नव्हते, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला.

म्हणजे त्याचं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नाआधी बाबा वाडीतली भाजी भरलेला ट्रक मुंबईला न्यायचे. एसटीत ड्रायव्हरची भरती निघाली तेव्हा तेही गेले आणि कंडक्टर होऊन आले. आळीतली माणसं अजून म्हणतात, ड्रायव्हर व्हायला गेला आणि घंटी वाजवत आला. मोठी गाडी बघून त्याचे हात कापले, असं कोणीतरी उठवलं, आणि बाबांनी ते कधी खोडून काढलं नाही. आईला ते फार लागायचं. तिच्या बहिणीचा नवरा चालक होता, त्याचा पगार आणि तोरा दोन्ही जास्त. भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवट ठरलेला: "घाबरट मानूस पदरी पडला माझ्या." बाबा शर्ट चढवून वाडीत निघून जायचे.

आणि मला तिकिटं आठवली. तेव्हा मशीन नव्हती. पत्र्याच्या पेटीत वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे असायचे, प्रत्येकाचा कागद वेगळ्या रंगाचा. डेपोत पडलेली फाटकी तिकिटं बाबा माझ्यासाठी खिशातून आणायचे. ओट्यावर बसून आम्ही रंगांप्रमाणे त्यांचे ढीग लावायचो, आणि बाबा नेमकं एखादं हिरवट तिकीट तपकिरी ढिगावर ठेवायचे. मी टाळ्या पिटून म्हणायची, "चुकले, चुकले!" ते पण हसायचे. मला वाटायचं, मला जिंकवायला बाबा मुद्दाम चुकतात. मोठी झाल्यावर मी मैत्रिणींना सांगायची, आमचे बाबा असे आहेत म्हणून.

तास संपला. कामणचा एक मुलगा माझ्यामागून जिन्यापर्यंत आला. "मॅडम, निसर्ग चांगलं तेवढं निवडतो ना? मग हे असलं अजून टिकलं कसं?" प्रश्न इतका चांगला होता की मला थांबावं लागलं. मी म्हटलं, निसर्गाला चांगल्या-वाइटाचं काही पडलेलं नाही. ज्याच्यामुळे माणूस पोरंबाळं होण्याआधी मरतो, ते हळूहळू गळून जातं. रंग कमी दिसले म्हणून कोणी मरत नाही. शेत पिकतं, मासे सापडतात, लग्न होतं. आणि बायकांच्या अंगातून तर ते कोणाला न दिसता पुढे जात राहतं. मुलगा म्हणाला, "म्हणजे विदाऊट तिकीट." मी हो म्हटलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन उगीचच कपाट आवरत बसले.

बाबांना विचारायला रविवारपर्यंत थांबणं कठीण होतं. त्यातच एका दुपारी घरी आले तर मुलाच्या खोलीतून पाढे म्हटल्यासारखा आवाज येत होता. दार लोटलं. तो आणि त्याचा कोचिंगचा मित्र पलंगावर बसले होते. मित्राच्या मोबाइलवर चकत्या होत्या. मित्र चकती दाखवायचा, हा आकडा सांगायचा. ठिपक्यांचा आकार, कडेचा एखादा मोठा ठिपका, अशा खुणांवरून सगळं पाठ चाललं होतं.

"सगळे करतात काकी," मित्र म्हणाला. "पुस्तक तेच असतं. रट्टा मारायचा, झालं."

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण मी याच धड्याला शिकवते. शेजाऱ्याची सवय उचलता येते, रंग उचलता येत नाही, तो जन्माने यावा लागतो. इथे मित्राचे आकडे माझ्या मुलाला लागत होते, डोळे लागणार नव्हते. हे सगळं मला कळत होतं. आणि तरी मी दाराशी उभी राहून ऐकत होते आणि एक आकडा चुकला तेव्हा माझ्याच तोंडून बरोबर आकडा निघाला. सरळ सांगते, मला तो पास व्हायला हवा होता. त्याचा उतरलेला चेहरा मला बघवत नव्हता. भर समुद्रात एखाद्या जहाजासमोर तो उभा आहे आणि समोरचा दिवा त्याला कळत नाहीये, हे चित्रही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. दोन्ही एकदम हवं होतं आणि ते शक्य नव्हतं, म्हणून मी भांडी घासायला घेतली, कामवाली घासून गेली होती तरी.

रविवारी दुपारनंतर त्याला घेऊन अर्नाळ्याला गेले. कशाला जायचं ते सांगितलं नाही. रिक्षात तो बाहेर बघत ओठ हलवत होता.

बाबा वाडीत केळीच्या बुंध्याशी वाकले होते. घड उतरवायचा की नाही हे ते नेहमीच फळ दाबून, नाकाशी नेऊन ठरवतात. मी कितीदा म्हटलं असेल, लांबून दिसतंय पिवळं झालेलं, हुंगता काय? केळीचं एक बरं असतं. तिचं पिल्लू आईच्याच कंदातून फुटतं, जसंच्या तसं. त्यात बाप नाही, आजोबा नाही, कोणाकडून काय आलं याचा घोळ नाही. मात्र एकीला रोग लागला की सगळी वाडी झोपते, कारण वेगळी अशी कोणीच नसते. माणसाचं असं नाही, आमच्यात दर वेळी पत्ते पिसून वाटले जातात. हे मी वर्गात फार उत्साहाने सांगते. त्या दिवशी मला केळींचा हेवा वाटला.

ओट्यावर आई बोंबील साफ करत होती. चहा झाला. मी मोबाइल काढला, चकती लावली आणि बाबांच्या हातात दिला. "बाबा, यात काय दिसतं?"

बाबांनी मोबाइल हातभर लांब धरला. क्षणभर बघितलं. मग मोबाइलवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"कोनाला झालं?" त्यांनी विचारलं.

मुलाने वर्गातल्यासारखा हात वर केला.

"काय झालं कोनाला?" आईने बोंबील ताटात टाकला.

"काय नाय गो. रंग नाय कळत त्याला. माझ्यासारखं." बाबा इतकं सहज बोलले, जणू पावसाचं बोलत होते. "ड्रायव्हरच्या भरतीत डॉक्टरने असलंच चोपडं फुडं केलं होतं. बोलला, तुला गाडी नाय देता येनार. कंडक्टरची जागा हाय, पायजे तर घे. घेतली."

आईचे हात थांबले. माशाचं पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं. "आनि मला सांगितलं नाय?"

"आपलं लगीन ठरत होतं. डोळ्यांत खोट हाय असं बोललो असतो तर तू आली असतीस?"

"आले असते का नसते, मला विचारायला तर पायजे होतं!" आई कडाडली. "एवढी वर्सं मी घाबरट बोलले, तर गप ऱ्हायलात?"

"मग पोरीचं लगीन व्हायचं होतं. खोट बोलली की लोक पोरीत पन बघतात." त्यांनी माझ्याकडे मान हलवली. "घाबरट बोललं तर कोनाची सोयरीक मोडत नाय."

मी त्यांना सांगू शकले असते की लोकांनी पोरीत बघितलं असतं तर ते बरोबरच ठरलं असतं. नाही सांगितलं. आईने सुरी पुन्हा उचलली आणि बाकीचे बोंबील असे कापले की मांजरसुद्धा ओट्याखाली गेलं. मला बाबांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. तिकिटांचे ढीग लावताना ते खरंच चुकत होते, आणि माझ्या टाळ्यांवर हसत होते.

बाबा उठले, पायात चपला सरकवल्या. "चल रे," मुलाला म्हणाले, "समुद्रावर जाऊन येऊ." मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेलेच.

सूर्य बुडाला होता. मासळी सुकत घालायच्या काठ्या रिकाम्या होत्या, किल्ल्याचं बेट काळं होत चाललं होतं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर बोटी नुकत्याच पुन्हा बाहेर पडायला लागल्या होत्या. बेटापलीकडे एका मोठ्या बोटीने दिवे लावले.

"ती बोट कुठं चालली?" बाबांनी विचारलं.

मुलाला नियम तोंडपाठ होता. "बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा असतो, उजव्या अंगाला हिरवा. आपल्याला तांबडा दिसला तर ती डावीकडे चाललीय. हिरवा दिसला तर उजवीकडे."

"ते झालं. ही कुठं चालली?"

तो डोळे बारीक करून बघत राहिला. मला दिवा स्पष्ट दिसत होता, हिरवा. उत्तर ओठावर आलं होतं. त्या दोघांच्या मध्ये मी उभी होते, आणि तिघांत दिसत होतं ते मला एकटीला. मी पदराचं टोक तोंडात धरलं.

"थोडं थांबा," मुलगा शेवटी म्हणाला. "सरकली की कळेल."

"समोरचा थांबतो काय तेवढा?"

मुलाने पायाने वाळू उकरली. लाटा पायांपर्यंत येऊन गेल्या. मग तो जरा रागातच म्हणाला, "आजोबा, ते पाठ करता येतं. मी केलंय. सगळे करतात."

"मला पन एकाने आकडे दिले होते. ओळखीचा होता, आत कामाला."

"मग?"

"मग पाठ केले."

"आणि आत गेल्यावर विसरलात?"

बाबा हसले. "आकडे इसरनारा मानूस कंडक्टर होतो काय? सगळी गाडी कोन कुठं चढला, कोन कुठं उतरनार, डोक्यात असायची माझ्या." ते बोटीकडेच बघत होते. ती आता बेटाच्या उजव्या टोकाला सरकली होती. "बघ, उजवीकडं चालली," ते म्हणाले, आणि घराकडे वळले.

परतताना रिक्षात मुलगा पुन्हा बाहेर बघत होता. या वेळी ओठ हलत नव्हते. मला वाटलं, सुटलं. पण मेडिकलच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या खोलीतून पुन्हा तो पाढ्यांचा सूर ऐकू आला. मी दारापर्यंत गेले, कडीला हात लावला, परत फिरले. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, पुन्हा दारापर्यंत गेले. काय सांगायचं होतं मला? म्हण, की म्हणू नको? सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला तेव्हा मी फक्त डबा दिला. तो पाया पडला. शर्ट त्याने स्वतः निवडला होता, आणि मोजे दोन वेगळ्या रंगांचे होते. मी तेही बोलले नाही.

शाळेत जाऊन काही शिकवणं होणार नव्हतं. रजा टाकून मी अर्नाळ्याला आले. आई आणि बाबा एकमेकांशी धड बोलत नव्हते. म्हणजे आई बोलत नव्हती आणि बाबा नेहमीसारखेच गप्प होते. बाबांनीही तेव्हा आकडे पाठ केले होते, एवढं मी आल्या आल्या आईला सांगितलं. मी ओट्यावरून वाडीत, वाडीतून ओट्यावर अशा फेऱ्या घालत होते. आई म्हणाली, "बस की जरा, जमीन झिजेल." जेवणं तशीच झाकून ठेवली होती. फोन वाजला तेव्हा तो माझ्या हातातच होता, तरी मी दचकले आणि तो खाली पडला. बाबांनी उचलून दिला. मी स्पीकर लावला.

"आई," मुलगा म्हणाला. मागे रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते. "नाही झालं."

"काय झालं? विचारलं का काही वेगळं?"

"नाही गं. पुस्तक तेच होतं. तीच पानं. डॉक्टरांनी पान उघडलं आणि आकडा माझ्या तोंडात आला होता. खरंच आला होता." तो थांबला. "त्यांनी विचारलं, काय दिसतं. मी म्हटलं, ठिपके."

मग बाबांनी घसा खाकरला आणि कोणाकडेही न बघता हळूच म्हणाले, "मी पन तेच बोललेलो."

"काय म्हणाले आजोबा? ऐकू नाही आलं."

आईने पदराला हात पुसले, माझ्या हातातून फोन घेतला आणि ऐकू कमी येणाऱ्याशी बोलावं तशी मोठ्याने बोलली. समोरच्या आळीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"तुझा आजा पन तेच बोलून आला होता रे. सगळं पाठ असून." ती जरा थांबली. "घाबरट नव्हता तो. ये तू इकडं, जेवायला थांबलोय आम्ही."